एक तास पुढचा समुद्र

पत्र्याची नळी दोन फूट लांब होती. तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. उंब्रजच्या राजाराम थोरवड्यांनी ती टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही.

"आधी माझा प्रश्न," ते म्हणाले. "मंग तुमचा कागद."

"विचारा, आजोबा," संयोगिता घोरपडे म्हणाली.

"माझ्या बानं ह्या कागदावरचं पेन हलवलं, का समुद्रानं? येवढंच सांगा. दुसरं काय नको."

राजाराम त्र्याऐंशी वर्षांचे. अठ्ठावीस वर्षं लष्करात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. संयोगिता सांगलीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची आणि त्याच वेळी भूकंपांवर पीएच.डी. करत होती. दोघांची गाठ घालून दिली ती राजारामांच्या नातीनं, मायानं. माया कराडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. जानेवारीत संयोगिताचं कराडला व्याख्यान झालं. जुन्या भूकंपांचा अभ्यास जुन्या कागदांवरून कसा करतात, असा विषय होता. व्याख्यान संपल्यावर माया पुढं आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात समुद्राचा एक कागद आहे. एकोणीसशे पंचेचाळीसचा. पण आजोबा कुणाला हात लावू देत नाहीत."

वर्ष ऐकूनच संयोगितानं उंब्रज गाठायचं ठरवलं होतं.

"हलवलं म्हणजे?" तिनं आता विचारलं.

राजारामांनी हकीकत थोडक्यात सांगितली, वरिष्ठाला रिपोर्ट द्यावा तशी. वडील आकाराम थोरवडे धक्क्याच्या कामावर मजूर म्हणून कोकणात कोंडेबंदरला गेले. चौथी शिकलेले होते, अक्षर चांगलं होतं, म्हणून भरती-ओहोटी मोजायच्या यंत्रावर त्यांना ठेवलं. विहिरीसारख्या खड्ड्यात समुद्राचं पाणी आत यायचं. त्यावर तरंगणारं एक भोपळ्यासारखं पिंप. पिंप वर गेलं की तारेनं पेन वर जायचं, खाली आलं की खाली. पेनासमोर कागद गुंडाळलेला गोल डबा घड्याळाच्या किल्लीवर आठवड्यात एक फेरा घ्यायचा. दर सोमवारी कागद बदलायचा. पहाटे पाचपासून दर दोन तासांनी पेन नीट चालतंय का पाहायचं आणि रेषेशेजारी शिसपेन्सिलीनं खूण करून यंत्राच्या घड्याळाची वेळ लिहायची. बाकी यंत्राला हात लावायचा नाही.

"डिसेंबरात सायबानं कागद बगितला. म्हनला, ह्यो कागद नासलाय. तू पेन हलवलंस. समुद्र तर त्या दिवशी थंड व्हता, म्या सोता धक्क्यावर उभा व्हतो. नोकरी गेली. कागद रद्द केला, म्हनून बानं त्यो घरी आनला. आमी तवापास्नं हितंच."

"तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्यानं नळीवरची रबराची पट्टी बोटानं चाचपली. "मला काय वाटायचं? म्या चार वर्सांचा व्हतो."

मग हात उचलला.

कागद पिवळा पडला होता, पण शाई जिवंत होती. डावीकडून उजवीकडे आठवडाभराच्या भरती-ओहोटीच्या लाटा, दिवसाला दोन चढ, दोन उतार. सोमवार, मंगळवार, दिसायला सगळं गुळगुळीत. बुधवारी सकाळी भरती टोकाला पोचून उतरायला लागते न लागते तोच रेषेला करवतीचे दात फुटले होते. पहिले मोठे, मग लहान लहान होत गुरुवारी पहाटेपर्यंत गेलेले. त्यावर कुणीतरी लाल पेन्सिलीनं आडवी फुली मारली होती.

संयोगितानं खाली वाकून तारीख वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. बुधवार, २८ नोव्हेंबर १९४५.

"आजोबा, त्या दिवशी पहाटे साडेतीनच्या सुमाराला मकरानच्या किनाऱ्यापाशी मोठा भूकंप झाला होता. कराचीच्या पश्चिमेला."

"मंग?"

"तिथं अरबी समुद्राचा तळ जमिनीखाली सरकतो. वर्षाला दोन-चार सेंटीमीटर. पण सरळ सरकत नाही. अडकतो. वरची जमीन त्याच्यासोबत दबत जाते, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस सुटते. सुटली की समुद्राचा तळच उचलला जातो आणि वरचं पाणी चहूकडे निघतं. त्या दिवशी ते मुंबईपर्यंत आलं. माणसं वाहून गेली."

"मुंबईला आलं, तर कोंडेबंदराला यायला काय झालं?" माया म्हणाली.

"तेच बघायचंय."

राजारामांनी कागद सांगलीला नेऊ दिला नाही. संयोगितानं तो ओसरीवर उजेडात अंथरला, कडांवर मायाच्या वह्या ठेवल्या आणि तुकड्यातुकड्यानं एकशेचार फोटो काढले. राजाराम शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी वही ठेवताना म्हणत होते, "हळू. आवं, हळू."

पुढचे नऊ दिवस ती त्या रेषेतच होती. सकाळी तास घ्यायची, दुपारनंतर फोटो जोडून रेषेवर एकेक बिंदू ठेवत जायची. कागद तिला का हवा होता, ते साधं होतं. भूकंपलेख, म्हणजे जमिनीच्या हादऱ्याच्या रेषा, त्या वर्षीच्या बऱ्याच देशांतल्या सापडतात. त्यावरून भूकंप केवढा होता ते कळतं. पण समुद्राखालचा नेमका केवढा पट्टा फाटला, कुठून कुठपर्यंत, हे हादऱ्यांच्या रेषा नीट सांगत नाहीत. ते पाणी सांगतं. लाट बंदराला किती वाजता पोचली ते कळलं, की उलटं मोजत जाता येतं: इतक्या खोलीच्या समुद्रातून इतका वेळ आली, तर निघाली कुठून? एका बंदरावरून एक वक्र रेषा मिळते. दोन बंदरांच्या दोन. आणि अभ्यासकांच्या हाती त्या लाटेचे चांगले कागद होते ते कराची आणि मुंबई या दोनच ठिकाणचे. तिसरा मिळाला तर तीन रेषा एकमेकींना कुठं छेदतात ते पाहता येणार होतं.

दातांमधलं अंतर तिनं मोजलं. सरासरी चोवीस मिनिटं. मग कोंडेबंदरच्या खाडीची लांबी आणि खोली जुन्या नकाशावरून घेऊन हिशेब केला. तिथलं पाणी एकदा हेलकावलं की किती वेळात मागेपुढे होईल? तेवीस ते पंचवीस मिनिटांत. ती खुर्चीत मागे टेकली. मंगळवारच्या रेषेवर नखानं ओढावेत असे बारीक दात होते, वाऱ्यानं उठलेले. तेही चोवीस मिनिटांचेच.

मग तिनं पहिल्या दाताची वेळ काढली. आठ वाजून बावन्न मिनिटं.

गणितानं मकरानहून कोंडेबंदरला लाट पोचायची वेळ सात पन्नास येत होती. दहा मिनिटं इकडे किंवा तिकडे. एक तास नाही.

तिनं गणित पुन्हा केलं. समुद्राची खोली वेगळ्या नकाशावरून घेतली. सात सत्तेचाळीस.

तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडम फोनवर ऐकून घेत म्हणाल्या, "घड्याळ बिघडलेलं असणार. बाजूला ठेव तो कागद."

"मॅडम, मुंबईत तेव्हा काही जण मुंबई टाइमही पाळत होते. तसं काही..."

"मुंबई टाइम एकोणचाळीस मिनिटं मागे होता. तुझा कागद पुढे आहे. उलट्या दिशेला जातेस तू."

ते खरं होतं.

"आणि संयोगिता, तुला हवं ते उत्तर यावं म्हणून एक तास वजा करायचा, असं करू नकोस. तपासणारे पहिलं तेच विचारतील. एकच तास का? पन्नास मिनिटं का नाही?"

रविवारी ती पुन्हा उंब्रजला गेली. राजारामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्याजवळ होतं आणि तेवढं तरी द्यावं, असं तिला वाटलं.

"काहिलीतला रस पाहिलाय ना तुम्ही? काहील हलली की रस एका लयीत हेलकावतो. तुम्ही कितीही वेळा धक्का द्या, त्याची लय तीच."

"गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायला व्हतो म्या ल्हानपनी," राजाराम म्हणाले. "काहिलीजवळ कोन येऊ देत न्हवतं. पर लांबनं बगितलंय. व्हय, तसंच करतो."

"खाडीचंही तसंच. हे दात खाडीच्या लयीचे आहेत. माणसाच्या धक्क्यानं एक ओरखडा उठतो. माणूस काही दर चोवीस मिनिटांनी उठून, दर वेळी थोडा कमी, असा गुरुवार उजाडेपर्यंत पेन हलवत बसत नाही."

मायानं टाळी वाजवली. राजाराम हसले नाहीत. "पर?" त्यांनी विचारलं. "तुमच्या तोंडावर पर हाय."

तिनं तासाची गोष्ट सांगितली. वेळ जुळत नाही तोवर हे दात मकरानच्या लाटेचे, असं छातीठोक म्हणता येत नाही. वाऱ्याचेही असू शकतात, एखाद्या लांबच्या वादळाचे. साहेबाचं म्हणणं खोटं ठरतं, पण आकारामांचं खरं ठरत नाही.

"मंजी घड्याळ चुकीचं."

"तसं दिसतं."

"बा घड्याळ चुकू द्यायचा न्हाई." म्हातारा उठला, ओसरीच्या कडेला गेला आणि परत आला. "ह्या कागदावर मंगळवारची सकाळची भरती किती वाजता टोकाला गेली?"

"सातला. सात वाजून एक मिनिट."

"माया, मोबाइलवर बग. त्या मंगळवारची तिथी."

मायाला वेळ लागला. "सत्तावीस नोव्हेंबर... कार्तिक वद्य अष्टमी."

"आठाची पाऊणपट?"

"सहा."

"मंग भरती सा वाजता पायजे," राजाराम म्हणाले. "सातला न्हवं."

संयोगितानं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची येळ. कोकनातली पोरंसोरं करत्यात. बा हितं आल्यावर बी रोज करायचा. तारळी नदीला गुडघाभर पानी न्हाई, आन् आमचा बा सकाळी उठून म्हननार, आता तिकडं भरली. आय वैतागायची. म्हनायची, तिकडं भरली तर तिकडंच जावा."

"आजोबा, हे मला सुचायला पाहिजे होतं," संयोगिता म्हणाली.

पाऊणपटीच्या हिशेबात अर्धा तास इकडेतिकडे होतो. पण तो पक्का करायची रीत तिला माहीत होती. चंद्र-सूर्यावरून कुठल्याही दिवसाची भरती मिनिटांपर्यंत काढता येते, ऐंशी वर्षांपूर्वीचीसुद्धा. त्या रात्री सांगलीला पोचायच्या आधीच, एसटीत मांडीवर लॅपटॉप ठेवून तिनं सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळच्या चार भरत्या काढल्या. कागदावरच्या वेळा अनुक्रमे एकोणसाठ, एकसष्ट, साठ आणि अठ्ठावन्न मिनिटं पुढे होत्या.

बिघडलेलं घड्याळ असं चालत नाही. ते रोज थोडं थोडं सरकतं. हे घड्याळ बरोबर चालत होतं, फक्त एक तास पुढे लावलेलं होतं.

राजेश्वरी मॅडमनी आकडे दोनदा तपासले. मग म्हणाल्या, "छान आहे. आता कारण आण. कुणी लावलं, का लावलं? लेखी असेल तर उत्तम."

संयोगितानं मायाला फोन केला. आजोबांकडे नळीखेरीज काही आहे का? पत्रं, हजेरी, काहीही? पलीकडे मायाचा आवाज दबका झाला. "विचारलं मी. नाही म्हणाले. पण मॅडम, ते लगेच नाही म्हणाले. आजोबा कधीच लगेच नाही म्हणत नाहीत."

चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी दुपारी राजाराम स्वतः सांगलीला आले, मायाला घेऊन, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. महाविद्यालयाच्या शिपायानं त्यांना प्राचार्यांचे पाहुणे समजून आधी तिकडेच नेलं आणि चहा पाजला.

"ब्येस व्हता चहा," ते प्रयोगशाळेत शिरत म्हणाले. "तुमच्या प्राचार्यांनी माझ्या नातवाच्या ॲडमिशनचं बी इचारलं. म्या म्हनलं, बगू."

माया हसत होती. ते मात्र खुर्चीत ताठ बसले. पिशवीतून त्यांनी एक हातभर लांबीची, खाकी पुठ्ठ्याची अरुंद वही काढली आणि नळीसारखाच तिच्यावर हात ठेवला.

"ही बाची रोजनिशी. ही म्या कुनाला दावलेली न्हाई. हिला बी न्हाई."

"का, आजोबा?" मायानं विचारलं.

"वाच मंग. पंधरा ऑक्टोबर काढ आदी."

माया वाचू लागली. अक्षर मोठं, गोल आणि स्वच्छ होतं. "'सोमवार. लढाईचा टाइम आजपासून बंद. ऑफिसचे घड्याळ एक तास मागे केले. मशीनचे घड्याळ मागे करण्याचा लेखी हुकूम नाही. हुकुमाशिवाय हात लावणे मना आहे. साहेबांकडे लेखी मागितला.'"

संयोगिता उभी राहिली. लढाईच्या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे केली होती, हे तिनं कधीतरी वाचलं होतं. पुढे केलेली घड्याळं कधीतरी मागेही करावी लागतात, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पुढचा सोमवार?"

"'हुकूम नाही.'" मायानं पानं उलटली. "त्याच्या पुढचाही, 'हुकूम नाही.' सव्वीस नोव्हेंबरपर्यंत सहा वेळा आहे."

"बाला ठाऊक व्हतं," राजाराम म्हणाले. "आपन होऊन घड्याळ फिरवलं, तर उद्या म्हननार, कुनाला इचारून हात लावलास? दुसऱ्या कुनी फिरवलं असतं तर चाललं असतं. त्यानं फिरवलं तर चाललं नसतं. म्हनून त्यो लिवून मागायचा. हरेक गोष्ट लिवून."

आठ बावन्नमधून एक तास गेला. सात बावन्न. संयोगितानं फळ्यावर आकडा लिहिला, त्याच्या शेजारी गणिताचा सात पन्नास लिहिला आणि खडू खाली ठेवला.

"झालं की मग!" माया म्हणाली.

"न्हाई झालं. अठ्ठावीस नोव्हेंबर वाच."

मायानं पान काढलं. यावेळी तिचा आवाज हळू होता. "'बुधवार. पाचची नोंद केली. त्यानंतर डोळा लागला. सातची नोंद चुकली. नऊला पाहिले तो पेन उतरायचे सोडून वर चढत होते, मग वरखाली होत राहिले. हात लावला नाही.'" ती थांबली. खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती, डिसेंबरातली. "'साहेबांनी विचारले, झोपला होतास काय. खरे सांगितले.'"

मायानं बोट त्या ओळीवर ठेवलं.

"म्या सोळा वर्सांचा व्हतो तवा हे वाचलं," राजाराम म्हणाले. "तवापास्नं मला वाटतं, झोपंत त्याचा हात लागला आसल. त्याला बी कळलं नसल. बा खोटं बोलनार न्हाई, पर झोपलेल्या मानसाला काय ठाव? आन् पल्टनीत म्या पोरांना सांगत फिरायचो, ड्यूटीवर डोळा लागला तर चामडी सोलीन." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "कारन पायजे तर ही वही पायजे. आन् वही घेतली तर ती झोपंची वळ बी आली. चार दिस त्याचाच इचार केला."

संयोगितानं संगणकावर बुधवारच्या सकाळचा फोटो उघडला आणि मोठा केला. "हे बघा. पाचची खूण. ही नऊची. मध्ये सातची खूणच नाही. ते मी पहिल्या दिवशी ओसरीवरच पाहिलं होतं."

राजाराम पुढे झुकले. "आन् बोलला न्हाई?"

"त्यानं काही बिघडत नव्हतं. पाच ते नऊच्या मध्ये रेषा कशी आहे, बघा तुम्हीच."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतके जवळ गेले. पाचपासून रेषा वर चढत होती. सहा, सात, आठ. सव्वाआठला भरतीचं गुळगुळीत टोक. एकही ओरखडा नाही. पहिला दात त्यानंतर, आठ बावन्नला. आणि दुसऱ्या दाताच्या आधी, चढत्या रेषेशेजारी, शिसपेन्सिलीची नऊची बारीक आडवी खूण.

"झोप लागली ती इथं," संयोगितानं बोट दाखवलं. "झोपेत हात लागला असता, तर ओरखडा इथं हवा. इथं काही नाही. लाट नंतर आली, आणि ती आल्यावर आठ मिनिटांनी ते पेनापाशी होते. पेन नाचताना पाहूनही त्यांनी हात लावला नाही."

"आठ मिन्टं."

"आठ. आणि साहेबांना समुद्र शांत दिसला, तेही खरंच असेल. बारा मिनिटं चढणारी आणि बारा मिनिटं उतरणारी दोन-अडीच फुटांची लाट धक्क्यावरून डोळ्यांना कळत नाही. पेनाला कळते."

राजाराम परत खुर्चीत बसले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "समुद्रानं," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "समुद्रानं हलवलं."

संध्याकाळपर्यंत संयोगितानं तिसरी वक्र रेषा काढून दाखवली. मुंबईची, कराचीची आणि ही कोंडेबंदरची. आधी फाटलेल्या पट्ट्याचं पूर्वेचं टोक शंभर किलोमीटरच्या धुक्यात होतं. आता ते वीस-पंचवीस किलोमीटरांत येत होतं. राजारामांनी नकाशावर ते अंतर वितीनं मोजलं आणि हे उंब्रजपासून कुठवर होईल, असं विचारलं. कराड ओलांडून थोडं पुढे, असं माया म्हणाली.

"निबंधात वहीची पानं जोडावी लागतील," संयोगिता म्हणाली. "पंधरा ऑक्टोबरचं पुरेल. अठ्ठावीस नोव्हेंबरचं नको असेल, तर मी नाही जोडणार. तुम्ही सांगाल तसं."

"दोनी जोडा. अर्धा रिपोर्ट द्यायचा न्हाई. डोळा लागला, त्ये बी छापा. आन् नाव पुरं लिवा. आकाराम बाळू थोरवडे, भरतीयंत्राचे राखणदार."

मार्चमध्ये मूळ कागद मोठ्या यंत्रावर स्कॅन करायला पुन्हा सांगलीला आणला. राजाराम एसटीत नळी मांडीवर धरून बसले होते. कागद काचेवर अंथरला आणि मायानं सातच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"आजोबा, बारीक शिसपेन्सिल आहे माझ्याकडं. एवढीशी खूण. कुणाला कळणार पण नाही."

ती थट्टा करत होती, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी तिचा हात मनगटापाशी धरला.

"खबरदार," ते म्हणाले. "हात लावायचा न्हाई."